पंचेचाळीस दिवसांचं चूर्ण आणि सकाळी सातची गोळी

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या चुलतभावानं एक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे, खाली जोडलेले हात, मधे ठळक अक्षरांत ‘पार्किन्सन मुळापासून बरा, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’. दोन दिवसांत तोच मेसेज मला तालमीच्या ग्रुपवर भेटला, मग सोसायटीच्या. तिसऱ्यांदा तर एका गिऱ्हाइकानं मोबाइलच काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “ह्यातलं चूर्ण हाय काय तुमच्यात?”

कोल्हापुरात माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. पण माझ्या वडिलांना, आबांना, नऊ वर्षांपासून पार्किन्सन, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, आहे. आणि ज्यानं मेसेज टाकला त्याच्या आईला, म्हणजे माझ्या काकींना, दोन वर्षांपूर्वी निदान झालंय. म्हणजे पोरानं तो टवाळकी म्हणून टाकलेला नाही, कळवळ्यानं टाकलाय. त्यामुळं ‘फेक आहे’ एवढं लिहून गप्प बसणं मला जमलं नाही.

ज्यांना तो अजून आलेला नाही त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा. हात थरथरतो तोच पार्किन्सन, थरथर नसेल तर घाबरू नका. हा नसांचा अशक्तपणा आहे, दूध-बदाम-अंडी असा खुराक द्या आणि पूर्ण विश्रांती. एमआरआय नॉर्मल आला तर डॉक्टर तुम्हाला फसवतायत. लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या, गोळ्या पाच वर्षांत निकामी होतात, भास होतात, म्हणून त्या जितक्या उशिरा सुरू कराल तितकं चांगलं. त्याऐवजी कवचबीजाचं चूर्ण पंचेचाळीस दिवस घ्या, इंग्रजी गोळ्या त्याच दिवशी बंद करा, साइड इफेक्ट शून्य. आणि शेवटी, ऐपत असेल तर मेंदूत चिप बसवा, रोग संपतो.

यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. सगळंच खोटं असतं तर एवढी पंचाईत नव्हती.

“थरथर नसेल तर पार्किन्सन नाही”

आबा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या आधी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, तुकडा मोडायचा, नाकाशी न्यायचा, मग जिभेवर ठेवायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. एका हंगामात घरी येऊन म्हणाले, “औंदाच्या गुळाला वासच न्हाई.” पुढच्या हंगामातही तेच. आम्ही गुऱ्हाळवाल्यांना नावं ठेवली, केमिकल घालतात म्हटलं. गुळाला वास होता. आबांच्या नाकाला येत नव्हता.

मग अक्षर. त्यांचं अक्षर टपोरं, गल्ल्यावर बसून समोरच्याला उलटं वाचता यावं असं. ते बारीक व्हायला लागलं. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटाला मुंगीएवढं. शेठ चेष्टेनं म्हणायचे, “दिवाणजी, शाई वाचवताय काय?” त्यानंतर उजवा खांदा आखडला. आठ महिने आम्ही खांद्याचा शेक आणि व्यायाम करत बसलो. चालताना उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो, हे आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. रात्री झोपेत ते ओरडायचे, लाथा झाडायचे, एकदा आईला ठोसाही बसला. बद्धकोष्ठ तर त्याच्याही आधीपासूनचं.

हात थरथरला का? आजही फारसा नाही. टीव्ही बघत निवांत बसले की उजवा अंगठा तेवढा तपकीर चोळल्यासारखा हलतो.

वास जाणं, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, बद्धकोष्ठ या गोष्टी हालचालींच्या तक्रारींच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. डॉक्टर निदान करतात ते मुख्यतः हालचालीतल्या मंदपणावर. त्याच्या जोडीला अंगाचा ताठरपणा किंवा थरथर लागते. दर चार-पाच रुग्णांमागे एखाद्याला थरथर नसतेच. उलटी बाजूही आहे. पार्किन्सनची थरथर हात मांडीवर निवांत असताना दिसते, बहुधा एका बाजूनं सुरू होते आणि कप उचलला की कमी होते. कप तोंडाशी नेतानाच जर चहा सांडत असेल, दोन्ही हात तसेच असतील आणि घरात आणखी कुणाचं तसं होत असेल, तर तो बहुधा वेगळा कंप असतो. त्याची औषधंही वेगळी. थायरॉइड वाढला तरी हात कापतो, दम्याच्या काही औषधांनीही कापतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली या आजारावर पहिलं टिपण लिहिलं ते फक्त सहा माणसांवरून, आणि त्यातली काही त्याला रस्त्यातच दिसलेली होती. मला हे आवडतं. काउंटरवर उभं राहून मीही माणसं बघतो. पाकिटातून नोट काढायला लागणारा वेळ, शर्टाचं वरचं बटण, वळताना टाकलेली पाच-सहा छोटी पावलं. निदान करणं माझं काम नाही. पण “एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवून या की,” एवढं म्हणायला काही लागत नाही.

“नसांचा अशक्तपणा आहे, खुराक द्या”

हे आपल्याकडं पटकन पटतं. तालमीचं गाव. कुठलंही दुखणं असो, आधी खुराक. पण हातापायाच्या नसांचा इथं काही दोष नाही. मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्यावर आपल्या हालचालींची सहजता चालते. त्या पेशी हळूहळू मरतात. लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. बदामानं त्या परत येत नाहीत. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन मागायला लोक रोज येतात. ते कमी असेल तर जरूर घ्यावं, पण ते पार्किन्सनचं औषध नव्हे.

दुधाचा मात्र किस्सा आहे. आबा तरणेपणापासून संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचे. समोर म्हैस पिळायची, फेसाळ ग्लास उभ्यानंच रिकामा करायचा. निदान झाल्यावर संध्याकाळची गोळी त्यांनी त्या ग्लासाबरोबरच घ्यायला सुरुवात केली. औषध आणि खुराक एकदमच, त्यांच्या हिशेबानं फायदाच. सकाळच्या गोळीनं अर्ध्या-पाऊण तासात अंग सुटायचं, संध्याकाळची मात्र कुठं जायची कळायचं नाही. रात्री जेवताना घास तोंडापर्यंत नेणं जड. डोस वाढवून घ्यायला गेलो तर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “गोळी कशाबरोबर घेता?”

लेव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, अंडी, मटण यातल्या प्रथिनांपासूनही अमिनो आम्लंच बनतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला या सगळ्यांना दार एकच. गंगावेशीतलं धारोष्ण दूध त्या दारात आधीच गर्दी करून उभं राहायचं आणि गोळी बाहेर ताटकळायची. आता गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभरानं, नुसत्या पाण्याबरोबर. लोहाची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. दूध बंद केलेलं नाही. कट्ट्यावर जायची वेळ तेवढी बदलली. प्रथिनं एकदम तोडणारेही मी बघितलेत, ते त्याहून वाईट. या आजारात वजन आधीच उतरतं.

“एमआरआय नॉर्मल म्हणजे रोग नाही”

आबांचाही नॉर्मलच होता. साध्या एमआरआयमध्ये पार्किन्सन बहुधा दिसत नाही. तो काढतात ते लकवा, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. निदान होतं ते डॉक्टर तुम्हाला चालवतात, बोटांची उघडझाप करायला लावतात, मनगट फिरवून बघतात त्यातून, आणि गोळीला अंग कसं साथ देतं त्यावरून. पाच मिनिटं चालायला लावून पैसे घेतले अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, ती पाच मिनिटंच तपासणी होती.

“गोळ्या पाच वर्षांत निकामी होतात, उशिरा सुरू करा”

इथं मी जरा थांबणार आहे. कारण या एका वाक्यापायी माणसं दोन-दोन वर्षं अंथरुणात कुढत काढतात.

पाच वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. सुरुवातीची काही वर्षं गोळी झकास लागू पडते. मग एक दिवस लक्षात येतं की सकाळची गोळी दुपारपर्यंत पुरत नाहीये. पुढची वेळ यायच्या आत अंग आवळतं, पाय जमिनीला चिकटतात. कधी उलट, गोळी जोरात असताना मान आणि खांदे आपोआप डुलायला लागतात. लोक म्हणतात, औषध संपलं.

औषध संपत नाही, साठवण संपते. गल्लीत नळाला पाणी तासभर येतं, पण वर टाकी असली की दिवसभर चालतं. शिल्लक राहिलेल्या मेंदूपेशी ही ती टाकी. लेव्होडोपा रक्तात टिकतं फार थोडं, दीड तासात निम्म्यावर येतं. तरी सुरुवातीला तीन गोळ्यांवर अख्खा दिवस निघतो, कारण पेशी त्यापासून डोपामिन बनवतात, साठवतात, लागेल तसं सोडतात. आजार वाढतो तशी टाकी फुटत जाते. मग नळ चालू असेल तेवढंच पाणी. अशा वेळी गोळी बंद करायची नसते; वेळा जवळ आणायच्या असतात, जोडीला दुसरं औषध द्यायचं असतं. आबांच्या गोळ्या आता चारदा आहेत, सात-अकरा-तीन-सात. तोंडात पडायला अर्धा तास उशीर झाला की घराला कळतं.

मग उशिरा सुरू केली तर टाकी वाचेल का? हेही तपासून झालंय. घानामध्ये पैशाअभावी आणि डॉक्टरांअभावी रुग्णांना लेव्होडोपा इटलीतल्या रुग्णांपेक्षा बऱ्याच उशिरा मिळत होतं. दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानातल्या लोकांना हे चढउतार आणि डुलणं आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झालं. म्हणजे घड्याळ आजाराचं होतं, गोळीचं नव्हे. उशीर करून त्यांनी चांगली वर्षं वाचवली नाहीत, आधीची तेवढी आखडून काढली. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ साली आला. निम्म्यांना लगेच लेव्होडोपा, निम्म्यांना चाळीस आठवडे उशिरा. ऐंशी आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. गोळीनं आजार थांबला नाही, तसाच वाढलाही नाही. डॉक्टर तरुण रुग्णाला कधी दुसऱ्या गोळीनं सुरुवात करतात, त्याला वेगळी कारणं असतात. ते ठरवून केलेलं असतं, मेसेज वाचून नव्हे.

‘कंपन्यांची लूट’ हेही त्या मेसेजमध्ये होतं. लेव्होडोपा १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. आज ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. माझ्या दुकानातल्या स्वस्त गोळ्यांत त्याचा नंबर लागतो. लूट करायला याहून बरी औषधं आहेत, मला विचारा.

आता माझी गोष्ट, जी ग्रुपवर लिहिताना हात अडला होता. आबांना पाचव्या वर्षी उठून उभं राहिलं की चक्कर यायला लागली. मी चक्करेची गोळी दिली. प्रोक्लोरपेराझिन, दिवसातून दोनदा, माझ्याच दुकानातली, चिठ्ठीशिवाय. तीन आठवड्यांत आबा लाकूड झाले. कूस बदलता येईना, आवाज घशातच राहायला लागला. हाच चुलतभाऊ तेव्हा म्हणाला होता, “बघ, पाच वर्षं झाली. गोळ्या संपल्या.” मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली, त्यातून ती पट्टी बोटानं बाजूला सरकवली आणि विचारलं, “ही कुणी दिली?”

ती गोळी मेंदूत डोपामिनचाच रस्ता अडवते. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, तसं चाललं होतं. चक्करेसाठी सर्रास खपणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, भास-चिडचिडीसाठी दिली जाणारी हॅलोपेरिडॉल, सगळी याच वळणाची. पार्किन्सन नसलेल्या माणसालाही त्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर पार्किन्सनसारखीच लक्षणं होऊ शकतात. गोळी वेळेत ओळखून डॉक्टरांनी थांबवली तर ती लक्षणं बहुतेकांची काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतातही. आबांना पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. चक्करेचं कारण निघालं ते उभं राहिल्यावर एकदम उतरणारं बीपी. झोपवून मोजलं आणि मग उभं करून मोजलं, तीसचा फरक. जुनी बीपीची गोळी कमी झाली, उठताना पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसायची सवय लावली, संपलं. आता माझ्या दुकानात चक्करेची गोळी मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी आधी विचारतो, बाकी काय चालू आहे. काहींना राग येतो. येऊ दे.

“गोळ्यांनी भास होतात”

होतात. हे खरं आहे. आबांना एकदा महिनाभर कपाटापाशी मांजर बसलेली दिसायची. ते तिला हाकलायचे नाहीत, दूध ठेवा म्हणायचे. आम्हाला आधी हसू आलं, मग भीती वाटली. त्यांना थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची जुनी गोळीही चालू होती. म्हाताऱ्या माणसात ती विसराळूपणा आणि भास आणू शकते. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करून बंद केली आणि मांजर गेली. काही दुसऱ्या गोळ्यांनी, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या, काहींना जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते, आणि माणूस लाजेनं ते सांगत नाही. अशी ओढ दिसली तर घरच्यांनी डॉक्टरांना उघड सांगायचं. सात औषधांतलं नेमकं कुठलं काढायचं हे बघायचं असतं. सातही नाल्यात टाकायची नसतात.

“कवचबीज चूर्ण, ४५ दिवस, साइड इफेक्ट शून्य, गोळ्या त्याच दिवशी बंद”

कवचबीज म्हणजे आपल्या रानातली खाजकुइली. शेंगेवरची लव अंगाला लागली की काय होतं हे शेतावर वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. आयुर्वेदात कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनसारख्याच आजाराचं, वर्णन आहे, कपिकच्छू हे औषध जुनं आहे, आणि ते काम करतं. हे मी मेसेजवाल्यांपेक्षा मोठ्यानं सांगेन. कारण त्या बियांत काय आहे? लेव्होडोपा. भारतातल्याच दोन शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते खाजकुइलीच्या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं.

म्हणजे मेसेज सांगतो काय, तर लेव्होडोपा वाईट, ते सोडा आणि लेव्होडोपा घ्या.

फरक आहे तो मापाचा. गोळीवर शंभर मिलिग्रॅम लिहिलंय तर शंभरच असतं. बीमध्ये साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतं, पण वाण, जमीन, भाजणी यांनी ते बदलतं. म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात दोनशे असेल की तीनशे, की दळणाऱ्यानं दुसरंच काही मिसळलं असेल, डबीवरून कळत नाही. दुसरं असं की गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं. ते लेव्होडोपाला वाटेतच, रक्तात, डोपामिन होऊ देत नाही. त्यामुळं मळमळ कमी होते आणि साधारण पाव मात्रेत काम भागतं. चूर्णात हा सोबती नाही. त्यामुळं नुसत्या चूर्णावर मळमळ जास्त. आणि गोळी चालू ठेवून वर चूर्ण घेतलं तर डोस किती झाला हे कुणालाच माहीत नाही.

शिवाजी पेठेतल्या एक काकू अशाच आल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर त्यांचे यजमान बसले होते, मान एका लयीत डावी-उजवीकडे, एक खांदा वर-खाली, पाय जागच्या जागी नाचतोय. काकू म्हणाल्या, “कंप लई वाढलाय, म्हणून चूर्ण दोनदाचं तीनदा केलंय.” तो कंप नव्हता. आत औषध जास्त झाल्याचं ते डुलणं होतं, आणि त्या त्यावर आणखी औषध घालत होत्या. त्यांना मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला.

ज्यांना आयुर्वेदाचं घ्यायचंच आहे त्यांनी वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही सांगून घ्यावं. दोघांपैकी कुणापासून लपवायचं म्हणजे स्वतःच्याच वैऱ्याचं काम करायचं.

आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘गोळ्या त्याच दिवशी बंद’. लेव्होडोपा एकदम तोडलं तर काही रुग्णांत अंग दगडासारखं ताठतं, जोराचा ताप चढतो, शुद्ध हरपते, स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं असलं तरी पार्किन्सनच्या गोळ्यांचं काय करायचं हे आधी विचारून घ्यायचं, आणि दवाखान्यात दाखल करताना गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाटेशी चिकटवायच्या. वॉर्डातली औषधं वॉर्डाच्या वेळेनं येतात. आबांच्या हर्नियाच्या वेळी मी हेच केलं. सिस्टर आधी वैतागल्या, तिसऱ्या दिवशी स्वतःच अकराच्या ठोक्याला आल्या.

“पूर्ण विश्रांती द्या”

याच्या बरोबर उलटं करायचं. चालणं, ताणाचे व्यायाम, तोल सांभाळायचे व्यायाम, मोठ्यानं वाचणं, हे औषधाइतकंच नेमानं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं या मंडळींचा नाचाचा वर्गसुद्धा चाललेला आहे. मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्सची संस्था राज्यात ठिकठिकाणी आधारगट चालवते. आबांना मी सकाळची गोळी लागू झाली की रंकाळ्यावर नेतो, गोळीच्या आधी नव्हे.

घरात त्यांची अडचण उंबऱ्याची. मोकळ्यावर बरे चालतात, दार आलं की पाय थिजतात, वरचं अंग पुढं जातं आणि पडायला होतं. मागून ढकलायचं नसतं, “चला, चला” म्हणायचं नसतं. त्यानं जास्तच थिजतात. न्हाणीघराच्या दारासमोर मी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या पाच आडव्या रेघा मारल्यात, एकेक पाऊल अंतरावर. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय सुटतो. दुसरा उपाय माझ्या पोरानं काढला. मोबाइलवर हलगी लावली. पहिल्या चार ठोक्यांना आबा नुसते उभे होते, पाचव्याला पाऊल उचललं आणि तडक मोरीपर्यंत गेले. आपोआप चालण्याचा मेंदूतला रस्ता बिघडला की बाहेरचा ठेका आणि डोळ्यांना दिसणारी खूण दुसऱ्या रस्त्यानं पाय चालवते, असं फिजिओथेरपिस्टनं नंतर सांगितलं. आई म्हणते, आंघोळीला जाताना रोज मिरवणूक.

“मेंदूत चिप बसवा, रोग संपतो”

चिप नव्हे. मेंदूत खोल बारीक तारा आणि त्यांना वीज पुरवणारी, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेली बॅटरी. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोबलला मेंदूचे सर्जन बेनाबीद यांनी ही पद्धत सुरू केली. योग्य रुग्णात थरथर, चढउतार, डुलणं बरंच कमी होतं, गोळ्याही कमी होतात, पण सहसा बंद होत नाहीत. रोग आतून चालूच राहतो. तोल, बोलणं, स्मरण यांना त्याचा फारसा उपयोग नाही. ढोबळ नियम असा की थरथर सोडली तर लेव्होडोपानं जे सुधारतं तेच यानं सुधारतं. म्हणजे गोळीला नावं ठेवून चिपची शिफारस करणाऱ्याला दोन्ही कळलेलं नाही. खर्च लाखांत.

मेसेजमध्ये नव्हता, पण ग्रुपवर निघाला तो प्रश्न म्हणजे, आबांना आहे, काकींना आहे, म्हणजे ‘आपल्या घराण्यात आलाय’ का? अरे, काकी लग्न करून आल्यात या घरात. त्यांचं आणि आबांचं रक्त एक नाही. बहुतेकांचा पार्किन्सन वारशानं आलेला नसतो. घरात दुसरा रुग्ण असणारे दहा-पंधरा टक्के. शेतावरच्या काही विषारी औषधांचा, पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा, या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. फ्रान्सनं २०१२ साली शेतकऱ्यांचा पार्किन्सन कामातून होणारा आजार म्हणून मान्य केला. तेव्हा घराण्याची चिंता करण्यापेक्षा उसात तण मारताना हातमोजे आणि तोंडाला मास्क घालायची चिंता आधी करा.

हे सगळं थोडं आखडतं घेऊन ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, दोघांनी ‘छान माहिती’ लिहिलं. चुलतभावाचं काही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास, दुकानात गर्दी असताना, त्याचा फोन आला.

“दादा, तीन डब्या आणल्यात की रं. बाराशे गेले. त्याचं काय करू?”

“टाकू नको, उघडूही नको. काकींच्या पुढच्या तारखेला औषधांच्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेव. सगळ्या गोळ्यांबरोबर.”

“बरं.”

“काकींना सकाळी सातची गोळी दिलीस?”

पलीकडून काहीच आलं नाही. मागं टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता.

“कालची दिली होती,” तो म्हणाला. “आज म्हटलं, चूर्ण सुरू करायचंय तर…”

“फोन ठेव. आत्ता दे.”

“न्याहरी झालीय तिची आत्ताच. दूध पिली.”

“किती वाजता?”

“पावणेनऊ असतील.”

“मग पावणेदहाला दे. पाण्याबरोबर. आणि दुपारची किती वाजता द्यायची ते डॉक्टरांना विचारून घे, मी नंबर पाठवतो.”